गंभीर आजारी कुत्र्याचं घरचं खाणं आणि घरगुती उपाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा आडवा पडला की घरातल्या प्रत्येकाला एकेक उपाय आठवतो. आजी हळद सांगते, शेजारचे काका पपईचं पान आणून देतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी गोमूत्राचा डोस पाठवतं. माया खरी असते. पण एका आजारात चालणारी गोष्ट दुसऱ्या आजारात कुत्र्याचा जीव घेऊ शकते. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत आधी आजाराचं नाव येईल आणि ताट त्याच्या मागून.

कुत्र्याने दोन दिवस काही खाल्लं नाही. घरी आधी काय द्यावं?

आधी पाणी पोटात राहतंय का ते बघा. मग दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घ्या. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते सांगणारा आकडा), लिव्हरच्या चाचण्या आणि डॉक्टरांना गरज वाटली तर सोनोग्राफी, एवढ्यावरून बराच उलगडा होतो.

तोवर शहाळ्याचं पाणी पाजू का, हा प्रश्न हमखास येतो. साध्या जुलाबात थोडं चालतं. पण किडनी बंद पडत चाललेल्या, लघवी जवळजवळ थांबलेल्या कुत्र्याच्या रक्तात पोटॅशियम आधीच साचलेलं असतं. शहाळं म्हणजे पोटॅशियमचा साठाच. त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तुपाचंही तसंच. अशक्त कुत्र्याला 'ताकद यावी' म्हणून तूप-भात भरवतात आणि स्वादुपिंडाला सूज असेल तर त्याच तुपाने उलट्या वाढतात. बाहेरून दोन्ही कुत्रे सारखेच दिसतात : मलूल, न खाणारे, अधूनमधून ओकणारे.

लंघन बरं असतं म्हणतात. एक दिवस उपाशी ठेवू का?

मोठा, एरवी ठणठणीत कुत्रा कचऱ्यात तोंड घालून आला आणि एकदा ओकला, तर अर्धा दिवस पोटाला विश्रांती द्यायला हरकत नाही. पाणी मात्र समोर हवंच. पिल्लू, मधुमेही कुत्रा आणि आधीच हाडं दिसू लागलेला कुत्रा यांना लंघन नको. पिल्लाची साखर काही तासांत उतरते आणि त्याला झटके येऊ शकतात.

घरी वाट बघायची की लगेच पळायचं, हे कसं ओळखावं?

ओठ वर करून हिरड्या बघा. त्या गुलाबी आणि ओलसर हव्यात. बोटाने दाबून सोडलं की पांढरा पडलेला ठिपका २ सेकंदांच्या आत परत गुलाबी झाला पाहिजे. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. पांढरटपणा म्हणजे रक्त कमी झालंय किंवा आत कुठे तरी जातंय. पिवळेपणा म्हणजे कावीळ. विटेसारखा गडद लाल रंग किंवा निळसर झाक असेल तर रिक्षा बोलवा.

ताप गुदद्वारात थर्मामीटर घालूनच कळतो, नाक गरम की गार यावर काही ठरत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर किंवा ९९ च्या खाली गेलं तर थांबू नका. झोपेतला श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त वेळा होत असेल तर तेही सांगण्यासारखं आहे.

दोन प्रसंगी घरगुती उपायाचा विचारसुद्धा करू नका. पोट ढोलासारखं फुगलंय, ओकायला जातो पण काहीच पडत नाही, हा एक. नसबंदी न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत खूप पाणी पिते, मलूल पडते, खालून पू जातो किंवा जातही नाही, हा दुसरा. ते गर्भाशयात पू होणं असतं आणि त्यावर बहुतेक वेळा ऑपरेशनच लागतं.

क्रिएटिनिन वाढलंय. किडनीच्या कुत्र्याला घरी काय खायला घालू?

क्रिएटिनिन १.४ ते २.८ मिग्रॅ/डेसिलिटर असेल तर किडनीच्या आजाराचा दुसरा टप्पा, ५ पर्यंत तिसरा आणि ५ च्या वर चौथा, असं डॉक्टर ढोबळमानाने धरतात. हा आकडा कुत्र्याच्या अंगात पुरेसं पाणी असताना काढलेला हवा. सुकलेल्या कुत्र्याचा तो फुगून येतो आणि घरच्यांचं उगाच धाबं दणाणतं.

लोक प्रथिनं बंद करतात आणि नुसता भात घालतात. मग कुत्रा स्वतःचे स्नायू जाळू लागतो. खरी कात्री लावायची ती फॉस्फरसला. हाडं, पाया सूप, कलेजी, पनीर, दूध, सुकी मासळी, डाळींचा मोठा वाटा, हे सगळं कमी किंवा बंद. पाया सूपचा उल्लेख मुद्दाम करते, कारण 'अशक्तपणा आहे' म्हटलं की आपल्याकडे पहिलं पातेलं त्याचंच चढतं.

अंड्याचा पांढरा भाग इथे फार कामाचा. त्यात उत्तम प्रथिन असतं आणि फॉस्फरस नगण्य. फॉस्फरस असतो पिवळ्या बलकात.

एक नमुना देते. २० किलोच्या, बहुतेक पडूनच असलेल्या कुत्र्याला दिवसाला किमान ६७० कॅलरी लागतात. शिजवलेला भात ३५० ग्रॅम, चार अंड्यांचे उकडलेले पांढरे भाग, उकडलेलं बिनकातडीचं चिकन ६० ग्रॅम आणि एक चमचा तेल किंवा तूप, एवढ्यात ती गरज भागते. मीठ नाही, फोडणी नाही. स्वादुपिंडाचा त्रास असेल तर तेल-तूपही नाही. हे जेवण काही दिवस निभावून नेण्यापुरतं आहे, कारण त्यात कॅल्शियम आणि बरीच जीवनसत्त्वं पुरेशी नाहीत. महिनोन्महिने हेच घालायचं असेल तर पशुवैद्याकडून पूरक औषधं ठरवून घ्यावी लागतात. फॉस्फरस बांधणारं औषध दिलं असेल तर ते जेवणात कालवून द्या. रिकाम्या पोटी दिलं तर त्याचा उपयोग होत नाही.

पाण्याची वाटी कधीही उचलू नका. 'रात्रभर लघवी करतो' म्हणून पाणी तोडणारी घरं आहेत. किडनीच्या कुत्र्याला लघवी घट्ट करता येत नाही. पाणी तोडलं तरी ती होतच राहते आणि कुत्रा आतून सुकतो.

पुनर्नवा, गोखरू यांची औषधं काही पशुवैद्य जोडीला देतात. डॉक्टरांना सांगून द्यायला हरकत नाही, पण किडनीचा गेलेला भाग त्याने परत येत नाही.

पावसाळ्यात एखादा धडधाकट कुत्रा अचानक ताप, उलट्या, पिवळ्या हिरड्या आणि वाढलेलं क्रिएटिनिन घेऊन आला तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) संशय घ्या. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून तो येतो. त्यावर अँटिबायोटिक आहे आणि वेळेवर मिळालं तर किडनी सावरूही शकते. अशा कुत्र्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला, कारण हा आजार माणसालाही होतो.

गोचीड तापात पपईच्या पानांचा रस द्यावा का? प्लेटलेट वाढतात ना?

आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. तपकिरी गोचीड चावली की एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात शिरतो आणि प्लेटलेट घसरतात. प्लेटलेट घसरणं हा परिणाम आहे, मूळ कारण तो जंतू. पपईच्या पानाने जंतू मरत नाही. त्याला डॉक्सिसायक्लिन लागतं, साधारण २८ दिवस. चौथ्या दिवशी कुत्रा शेपूट हलवायला लागला की लोक गोळ्या थांबवतात आणि दोन महिन्यांनी तोच कुत्रा नाकातून रक्त गळत परत येतो. गोचिडीनेच होणारा दुसरा आजार म्हणजे बबेसिया. त्याची औषधं निराळी, म्हणून रक्ताची तपासणी टाळून चालत नाही.

पानांचा रस कडूजहर असतो. आधीच जेवण न जाणाऱ्या कुत्र्याच्या घशात तो ओतला की तो ओकतो आणि त्याबरोबर गोळीही बाहेर येते. द्यायचाच असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालून, गोळीच्या वेळेपासून लांब. गोळीऐवजी तर नाहीच.

डॉक्सिसायक्लिन दुधातून किंवा पनीरच्या तुकड्यात घालून देऊ नका, कॅल्शियममुळे ते नीट शोषलं जात नाही. कोरडी गोळीही घशात टाकू नका. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. दोन घास जेवण, मग गोळी, मग वर थोडं पाणी किंवा चिकनचा पातळ रस्सा. रक्त कमी असेल तर आठवड्यात दोन-तीनदा उकडलेल्या कलेजीचे चार तुकडे चालतील, अर्थात किडनी ठीक असेल तर.

अंगावरच्या गोचिडींसाठी रॉकेल, फिनाईल, तंबाखूचं पाणी, डांबर गोळीची पूड, खोबरेल तेलात कापूर, हे सगळं मी लोकांना लावताना पाहिलंय. कुत्रा अंग चाटतो. तंबाखू, कापूर आणि डांबर गोळी ही तिन्ही चाटून पोटात गेली तर विष. कापराने झटके येतात. गोचीड बोटांत चिरडू नका, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. कुत्रा कितीही स्वच्छ केला तरी मादी गोचीड भिंतींच्या भेगांत हजारो अंडी घालून ठेवते. त्यामुळे चौकटी, पायऱ्यांच्या खाचा आणि कुत्र्याची गोधडी यांचाही बंदोबस्त करावा लागतो.

पिल्लाला पार्व्हो झालाय. पेज आणि इलेक्ट्रॉलवर बरं होईल का?

बहुधा नाही. पार्व्हो हा आतड्यावर हल्ला करणारा विषाणू. उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू असताना तोंडाने दिलेलं पोटात राहत नाही. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन आणि दुय्यम संसर्गासाठी अँटिबायोटिक लागतं. नीट उपचार मिळालेली बहुतेक पिल्लं वाचतात, न मिळालेली बहुतेक जातात.

उलटी आटोक्यात आली की मात्र घरच्या खाण्याला लवकर सुरुवात करा. चार दिवस पोट रिकामं ठेवायची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. एकेक चमचा उकडलेलं, बारीक कुस्करलेलं चिकन आणि मऊभात दर दोन-तीन तासांनी. दूध नको.

घरात ब्लीच ३० भाग पाण्यात १ भाग घालून फरशी पुसा आणि ते दहा मिनिटं ओलं राहू द्या. हा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो. लस पूर्ण न झालेलं नवं पिल्लू त्या अंगणात आणू नका.

कॅन्सरवर हळद, गोमूत्र, अश्वगंधा?

हळद चिमूटभर जेवणात घातली तर सहसा अपाय नाही, पण ती आतड्यातून फारच कमी शोषली जाते आणि गाठ त्याने विरत नाही. ऑपरेशन ठरलं असेल तर हळदीच्या गोळ्या-कॅप्सूल आधी बंद करा, रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो. गोमूत्राने गाठ बरी झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

मला राग येतो तो वेळ वाया जाण्याचा. आपल्याकडच्या कुत्र्यांत जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ खूप दिसते. ती समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते. व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरच्या औषधाची आठवड्याला एक अशी काही इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात आणि औषध महागही नाही. त्या गाठीवर महिनाभर हळदीचे लेप लावत बसलेली माणसं भेटली की काय बोलावं कळत नाही.

आपल्या स्वयंपाकघरातलं काय अजिबात नको?

कांदा आणि लसूण. कच्चे, शिजवलेले, पूड, कुठल्याही रूपात. त्याने तांबड्या पेशी फुटतात. आधीच रक्त कमी असलेल्या कुत्र्याला आमटी-भात घालणं म्हणूनच धोक्याचं, कारण फोडणीत लसूण असतोच. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी किडनी बंद पडू शकते. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही त्यात आले. चिंचही त्याच यादीत धरा. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल हे विषबाधेचं कारण असावं असं पशुवैद्य २०२१ पासून मांडू लागले आणि चिंचेत ते भरपूर असतं. सांबार, चिंच-गुळाची आमटी, भेळेची चटणी, काहीही नको. चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) असलेलं शुगरफ्री च्युइंगगम आणि शिजवलेली हाडं नकोत.

औषधांच्या डब्यातलं त्याहून वाईट. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही माणसांची वेदनाशामकं आहेत. कुत्र्याच्या पोटात त्यांनी व्रण होतात आणि किडनी जाते. क्रोसिनचा डोस चुकला की लिव्हर जातं. ताप आला म्हणून अर्धी गोळी देऊन बघू, असं करू नका.

आमच्या घरात मांस-मच्छी शिजत नाही. मग?

कुत्रा मांजरासारखा पक्का मांसाहारी नाही, त्यामुळे मार्ग निघतो. अंडं चालत असेल तर निम्मा प्रश्न सुटला. तेही चालत नसेल तर मऊ शिजवलेली मूगडाळ, पनीर, दही, भात, लाल भोपळा यांवर आजारातले थोडे दिवस निघतात. किडनीच्या रुग्णाला मात्र डाळ आणि पनीर हे दोन्ही अडचणीचे, तिथे तयार प्रिस्क्रिप्शन खाद्य, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं त्या-त्या आजारासाठीचं विकतचं खाद्य, जास्त सोपं पडतं. नुसती दूध-पोळी हे कुठल्याच आजारातलं पथ्य नाही.

कच्चं मांस जास्त नैसर्गिक नाही का?

आजारी कुत्र्यासाठी नाही. साल्मोनेलासारखे जंतू त्याची कमी झालेली प्रतिकारशक्ती गाठतात, आणि घरात लहान मूल किंवा केमो घेणारं माणूस असेल तर त्यांनाही. शिजवा.

काही तोंडात घेतच नाही. सिरिंजने भरवू का?

आधी एक इशारा. कुत्र्याला रेबीजची लस नसेल किंवा नुकताच दुसरा कुत्रा चावला असेल आणि आता लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, जबडा लोंबतोय, तर तोंडात हात घालू नका. 'घशात हाड अडकलंय' असं वाटून हात घालणारे लोक दर वर्षी पंचाईतीत सापडतात. हाताला लाळ लागली असेल तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करा.

तो धोका नसेल तर पुढचं. अन्न कोमट करा, अंगाच्या उबेइतकं, म्हणजे वास सुटतो. चिकन उकडलेलं पाणी भातावर शिंपडा, त्यात कांदा-लसूण अर्थातच नको. थोडं बोटावर घेऊन त्याच्या पुढच्या पंजाला लावा. बरेच कुत्रे पंजा चाटता चाटता खायला लागतात. तरी नाही खाल्लं तर बिनसुईची १० मिलीची सिरिंज घ्या. कुत्रा बसलेला किंवा छातीवर टेकलेला हवा, कुशीवर आडवा नको. डोकं समोर सरळ ठेवा, वर उचलू नका. सुळ्याच्या मागे गालाची खोबण असते, तिथे टोक सरकवून एक-दोन मिली सोडा आणि गळ्याची हालचाल बघा. गिळलं की पुढचा घोट. खोकला आला किंवा तो झटकायला लागला तर थांबा. घाईत ओतलेलं फुप्फुसात जातं आणि त्याने होणारा न्यूमोनिया मूळ आजाराआधी मारतो. अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याला तोंडाने काहीही देऊ नका.

पेजेचं गणितही लक्षात घ्या. पातळ पेजेच्या १०० मिलीत ३०-४० कॅलरी असतात. २० किलोच्या कुत्र्याची किमान गरज भागवायला अशी दोन लिटर पेज लागेल. कोण पाजणार आणि कोण पिणार? म्हणून दोन-तीन दिवस सिरिंजवरच भागत असेल तर डॉक्टरांना फीडिंग ट्यूबबद्दल, म्हणजे अन्न थेट आत पोचवणाऱ्या नळीबद्दल, विचारा. ऐकायला क्रूर वाटते, पण रोज चार वेळा जबडा धरण्यापेक्षा कुत्र्याला ती पुष्कळ सुसह्य असते.

विकतचं प्रिस्क्रिप्शन खाद्य चांगलं की घरचं?

मी घरच्या खाण्याच्या बाजूची, तरी सांगते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी होता. महिनाभरापेक्षा जास्त घरचंच घालायचं असेल तर कृती तज्ज्ञाकडून बनवून घ्या. आणि विकतचं खाद्य तो तोंडातच घेत नसेल तर कागदावर ते कितीही उत्तम असो, उपयोग काय? अर्धं-अर्धं करायला बहुतेक डॉक्टर तयार असतात, विचारा तर खरं.

डॉक्टर म्हणाले आता फार दिवस नाहीत. पथ्य पाळायचं का?

आजार शेवटाकडे गेला की पथ्याचा फायदा मिळायला लागणारा वेळच उरलेला नसतो. उलटी होणार नाही एवढं बघून त्याला आवडतं ते द्या. विषारी यादी मात्र तेव्हाही लागू आहे, शेवटचे दिवस कांद्याच्या विषबाधेत कशाला घालवायचे? मळमळ आणि वेदना यांची औषधं शेवटपर्यंत चालू ठेवा, त्यात काटकसर नको. आवडत्या पदार्थाकडेही तोंड फिरवतोय, उठता येत नाही, श्वास लागतोय, असं सलग दिसू लागलं की कायमच्या झोपेच्या इंजेक्शनविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

खर्च झेपत नाही. कुठे जावं?

सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत तपासणी खासगीपेक्षा बरीच स्वस्त पडते. मुंबईत परळला, नागपूरला, साताऱ्याजवळ शिरवळला, परभणी आणि उदगीरला अशी महाविद्यालयं आहेत. परळचं महाविद्यालय १८८६ पासूनचं. त्याच भागात लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते प्राण्यांचं जुनं धर्मादाय रुग्णालय आहे. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथे गाई-म्हशींची गर्दी असली तरी कुत्र्याला परत पाठवत नाहीत. सकाळी लवकर जा.

जाताना जुने रिपोर्ट, उलटीचा आणि शीचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि घरी दिलेल्या प्रत्येक गोष्टीची चिठ्ठी न्या. काढा, चूर्ण, अर्धी क्रोसिन, देवळातला अंगारा, सगळं लिहा. लाजून लपवलेली अर्धी गोळी रक्ताच्या रिपोर्टमध्ये वेगळ्याच आजाराचं सोंग घेऊन येते आणि डॉक्टर भलत्याच गोष्टीच्या मागे लागतात.